मागेल त्याला पाणी

आमच्या बाई परगावच्या पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत. स्पर्धा पुण्याला असो, नाशिकला असो की सांगलीला, नांदेडकडच्या आमच्या नायगावच्या स्टँडवर बाई यायच्या त्या एका हातात खो-खोच्या मुलींची हजेरी आणि दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला पिवळा कॅन घेऊनच. एसटीत तो कॅन मांडीवर. कंडक्टर विचारायचा, "मावशी, तेल हाय का? सांडंल बरं." बाई म्हणायच्या, "तेल न्हाई, पाणी हाय. आमच्या गावचं. सांडलं तर तुझी बस धुऊन निघंल." आम्ही मुली खिदळायचो. स्पर्धा संपेपर्यंत त्या ते पाणी घोट घोट पुरवायच्या, आणि यजमानांनी पुढं केलेला ग्लास हात न लावता परत पाठवायच्या.

हे सोवळं नव्हतं. सोवळ्याओवळ्याचा आणि बाईंचा संबंध कसा येणार? त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती. त्यांच्या आजीची गोष्ट त्या सांगायच्या, धम्म घेतला त्याच्या आधीची. आजी घागर घेऊन विहिरीपासून लांब बसायची, आणि कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. "दया यायची वाट बघत आजीचा जन्म गेला," बाई म्हणायच्या. "पाण्यावरनं मला कुणी बोलायचं न्हाई. दुसरं कायबी बोला."

आणि नेमकं पाण्यावरूनच बोलणारा माणूस त्यांना भेटला.

राज्य संघटनेची सभा होती पुण्याला. बाईंनी उभं राहून मागणी केली की एकदा तरी राज्य स्पर्धा आमच्या नायगावला द्या. शाळेचं मैदान आहे, गाव घरं उघडून देईल, मुलींच्या जेवणाची काळजी नको. तेव्हाचे कार्यवाह, त्यांना आपण नुसतं साहेब म्हणू, कारण नाव घेण्याइतकी त्यांची लायकी नाही, ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, नांदेड काय न् लातूर काय, तुमच्याकडं प्यायला पाणी नसतं. खेळाडूंच्या आंघोळीला टँकर लावणार का? आधी पाणी आणा, मग स्पर्धा मागा." सभा हसली. मी तेव्हा शाळेच्या संघाची कप्तान, दाराशी बसले होते. तो हशा माझ्या कानात अजून आहे. टेबलावरचा ग्लास बाईंनी तोंडापर्यंत नेलेला होता, तो तसाच खाली ठेवला. त्या दिवसापासून कॅन आला.

परतीच्या गाडीत बाई एवढंच बोलल्या, "पाणी कुणाला न्हाई म्हणायचं नसतं गं. पण ह्या माणसाला मी मागायला लावीन. माझ्या दारात उभं राहून 'बाई, पाणी द्या' म्हणंल, तवाच हे मिटंल."

अपमान विसरणं ही बाईंना मोठेपणाची नव्हे, आळशीपणाची गोष्ट वाटायची. "विसरायला काय लागतं? झोपलं की विसरतंय माणूस," असं त्या म्हणायच्या. एकदा सोलापूरकडच्या पोरींनी आमच्या 'न्हाई' आणि 'हाव'ची नक्कल केली. आमची एक पोरगी भांडायला धावली, तर बाईंनी तिची वेणी धरून मागं ओढलं. "राग तोंडात ठेवू नको, वाया जातो. पायात ठेव." संध्याकाळच्या सामन्यात त्या पोरीनं त्यांचे निम्मे गडी एकटीनं टिपले. सामना संपल्यावर बाईंनी कॅन माझ्या हातात दिला. "जा, हरलेल्यांना विचार पाणी पाहिजे का. मागितलं तर पोटभर दे." त्यांनी मागितलं. आम्ही दिलं. काय गोड वाटलं होतं, सांगते! असलं सुख देवळातसुद्धा मिळत नाही.

बाई मूळच्या किल्लारीच्या. भूकंपात त्यांचं माहेर गेलं, आईसकट. त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. पण रिटायर झाल्यावर नायगावात थांबल्या नाहीत, नव्यानं वसवलेल्या किल्लारीत भावाच्या शेजारी दोन खोल्यांत जाऊन राहिल्या आणि महिनाभरात गावातल्या पोरी गोळा केल्या. शाळेमागं एक विहीर गाळानं बुजली होती. पोरींनी मैदानाला फेऱ्या मारायचं बंद, त्याऐवजी गाळाच्या पाट्या वर ओढायच्या! आयाबाया तक्रार घेऊन आल्या तर बाईंनी त्यांनाही पदर खोचायला लावला. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी बाईंनी मला मुंबईला फोन केला. "आधी पाणी आणा म्हणाला होता ना? आणलं. सांग त्याला."

मी तोवर मुंबईत नोकरीला लागले होते, तीही कशात, तर आपलं राज्य जगातल्या खेळाडूंना दाखवायच्या सरकारी मोहिमेत. खेळायला महाराष्ट्रात या, स्पर्धा आमच्याकडं भरवा, मैदानं बघा, हॉटेलं बघा, समुद्र बघा. मोठमोठ्या हॉलमध्ये पडद्यावर चकचकीत फिल्म लावायची आणि परदेशी पाहुण्यांपुढं गोड बोलायचं, हे माझं काम. फिल्ममध्ये सगळं राज्य होतं, मराठवाडा सोडून. आणि ह्या मोहिमेचे मुख्य सल्लागार कोण? साहेब! माणूस कुठल्या पायरीवरून कुठं जाऊन बसतो बघा.

मी हट्टच धरला. खो-खोची आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धा राज्यात आणायची ठरत होती, जागा बघत होते. मी किल्लारीचं नाव यादीत घुसवलं. साहेब कुरकुरत का होईना, पाहणीला आले. उन्हाळा नुकता लागला होता. पांढऱ्या गाडीतून उतरले, मैदान बघितलं, गावातले रुंद रस्ते बघितले, आणि घाम पुसत थेट बाईंच्या ओसरीवर आले. मी बाईंकडं बघितलं. इतक्या वर्षांची ती घडी दारात येऊन उभी होती. साहेबांचा घसा कोरडा पडला होता, ते मान वळवून इकडंतिकडं बघत होते, आता मागणारच.

आणि बाईंनी त्यांनी तोंड उघडायच्या आत तांब्या पुढं केला! वर गुळाचा खडा.

मला इतका राग आला की मी स्वैपाकघरात निघून गेले. साहेब गटागटा प्यायले, "वा, काय गोड पाणी आहे," म्हणाले, आणखी एक तांब्या घेतला. गेल्यावर मी बाईंना म्हटलं, "हे काय केलंत? एक क्षण थांबायचं होतं." बाई म्हणाल्या, "पोरींसाठी गिळलं गं. स्पर्धा पदरात पडू दे. पाव्हणा दारात आला की हात आपसूक तांब्याकडं जातोय, काय करू? आईनं तेच शिकवलं."

पुढच्या बैठकीत साहेबांनी आपलं मत दिलं. मी समोरच बसले होते. "किल्लारीत पाण्याची शाश्वती नाही." एवढं एकच वाक्य, आणि स्पर्धा त्या वर्षापुरती बारगळली. त्या बाईचं दोन तांबे पाणी पिऊन! खाल्ल्या मिठाला न जागणारे पुष्कळ बघितले, पण प्यालेल्या पाण्याला इतकं लगेच विसरणारा हा पहिलाच.

फोनवर बाईंनी साहेबांचं ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "मागायच्या आधी दिलं. तिथं चुकलं माझं. न मागता दिलेल्याची किंमत ऱ्हात न्हाई अशा माणसाला."

त्यानंतर त्या आजारी पडल्या. लातूरच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा खाटेखाली पिवळा कॅन होता, किल्लारीच्या विहिरीचं पाणी. नर्सबाई कावल्या होत्या, पण बाईंपुढं त्यांचं काय चालणार? मी रडायला लागले तशा बाई खेकसल्या, "रडून काय करायलीस? ऐक. भूकंप झाला तवा सगळं जग आमच्या गावात आलं होतं. कुठकुठली माणसं, कुठकुठल्या भाषा. आमच्या आईला मातीतनं काढायला परकी माणसं होती. त्यांना द्यायला आमच्यापाशी एक भांडं उरलं नव्हतं. दुःखाला आले होते, आता खेळाला या म्हणावं. आमच्या घरात ऱ्हावा, आमचं पाणी प्या. एवढं माझं कर." मग म्हणाल्या, "आणि त्याला मागायला लाव. मी चुकले, तू चुकू नको." आठवड्याभरात बाई गेल्या.

लोक म्हणतात, मेलेल्या माणसाबरोबर वैर संपतं. संपत असेल त्यांचं. माझं तिथून सुरू झालं.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच हॉल, तेच परदेशी पाहुणे, तीच फिल्म. समुद्र झाला, स्टेडियम झालं, पाहुणे जांभया देत होते. असली स्टेडियमं त्यांना प्रत्येक देशात दाखवतात. मी फिल्म मध्येच बंद केली. पहिल्या रांगेत साहेबांनी मान वर केली. मी म्हणाले, मी तुम्हाला एका गावाबद्दल सांगते, आणि बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही कुणीतरी त्या वेळी आमच्या दुःखाला आला होतात. त्या गावाला आता तुमचा पाहुणचार करायचाय. हॉटेल नाही, घरं आहेत. आमच्याकडं जत्रेच्या कुस्त्यांना बाहेरचे पैलवान आले की गाव त्यांना वाटून घेतं, घरटी एक पाहुणा, तशा तुमच्या मुली आम्ही वाटून घेऊ. एक पिकल्या केसांच्या परदेशी बाई उठल्या. त्यांचे काका म्हणे त्या वेळी मदतीच्या पथकात आले होते. त्या डोळे पुसत म्हणाल्या, आम्हाला तिथंच खेळायचंय. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. साहेबांनाही वाजवाव्या लागल्या. मी बघत होते ना, तळव्याला तळवा लागत नव्हता!

मग आपली छाप पडावी म्हणून साहेब स्टेजवर चढले आणि जाहीर करून बसले की ही स्पर्धा संपूर्ण प्लास्टिकमुक्त होईल, मैदानात एकही पाण्याची बाटली दिसणार नाही. पाहुण्यांनी पुन्हा टाळ्या दिल्या. मी तर उभं राहून दिल्या.

स्पर्धा फाल्गुनात झाली. अंगणांत रांगोळ्या, दारादारांत परक्या देशाच्या पोरी भाकरी थापायला शिकतायत, आयाबाया हातवारे करून त्यांच्याशी गप्पा मारतायत. मैदानाच्या फाटकाशी मी बाईंच्या नावानं पाणपोई घातली होती. रांजण विहिरीच्या पाण्यानं भरलेले, वर वाळ्याच्या जुड्या, मागं बाईंचा फोटो. बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या पोरी सगळ्या मैदानभर कळशा घेऊन फिरत होत्या, प्रत्येक प्रेक्षकापाशी, प्रत्येक खेळाडूपाशी. फक्त स्टेजकडं जाऊ नका म्हटलं होतं. स्टेजवर साहेब सोडले तर सगळे गावचेच, ते उठून पिऊन येत होते.

साहेबांच्या गाडीत बाटल्यांचा खोका होताच. फाटकावर पोरींनी तो उतरवून घेतला. ड्रायव्हर भांडायला लागला तशी एक पोरगी म्हणाली, "काका, नियम साहेबांचाच हाय."

ऊन चढलं. साहेबांचं भाषण झालं, लांबलचक, 'मराठवाड्याच्या मातीवर माझं पहिल्यापासून प्रेम' वगैरे. मग ते खुर्चीत बसून ओठ चाटू लागले. एकदा माझ्याकडं बघितलं, मी सामना बघत होते. दुसऱ्यांदा बघितलं, मी टाळ्या वाजवत होते. शेवटी उठले, पायऱ्या उतरले, उन्हातून चालत पाणपोईपाशी आले. मी आधीच तिथं जाऊन उभी होते. रांजणावरचं ओगराळं माझ्या हातात. हात तांब्याकडं जात होता, खरंच जात होता, मी तो दुसऱ्या हातानं धरला.

ते पुटपुटले, "जरा पाणी..."

"काय म्हणालात? हलगी वाजायलीय, ऐकू येत न्हाई."

"पाणी."

"मोठ्यानं बोला साहेब, आम्ही खेड्यातली माणसं."

"अहो बाई, पाणी द्या!" साहेब ओरडले. आसपासच्या बाया वळून बघायला लागल्या. मी फोटोकडं बघितलं. बाई नेहमीसारख्याच कपाळाला आठी घालून बघत होत्या.

मग मी तांब्या भरून दिला, काठोकाठ. गुळाचा खडासुद्धा दिला. ते एका दमात प्यायले, तोंड पुसलं, आणि हार घातलेल्या फोटोकडं बघून म्हणाले, "ह्या कोण हो?"

आठवत नव्हतं! सभा नाही, हशा नाही, ओसरी नाही. एक बाई त्या एका वाक्यावर आयुष्यभर कॅन वाहत राहिली, आणि ह्या माणसाला ती बाईच आठवत नव्हती. तांब्या डोक्यात घालावा असं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"तुम्ही ह्यांच्या ओसरीवर दोन तांबे पाणी प्याला होतात," मी म्हटलं, "आणि किल्लारीत पाण्याची शाश्वती नाही म्हणून सांगितलं होतं."

आता आठवलं. चेहरा उतरला. सगळ्या बाया ऐकत होत्या. साहेबांनी रिकामा तांब्या पुढं केला, पण ऊन फार होतं आणि तहान भागलेली नव्हती, तो हातातून सुटेना. त्यांनी रांजणाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग खाली.

"मागा, साहेब," मी म्हटलं. "लाजू नका. आमच्याकडं पाण्याची शाश्वती हाय."