पाठीमागचा समुद्र

खोबरेल तेलाचा वास आला की सोलापूरच्या माझ्या घरात मला बालीचा समुद्र ऐकू येतो. काही वर्षांपूर्वी मुलाने हौसेने आम्हा दोघांना तिथे पाठवले होते. हॉटेलचा किनारा पश्चिमेकडचा, रंगीत छत्र्यांनी सजलेला. सूर्य मात्र हॉटेलच्या माडांमागून उगवायचा. पत्नी कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि उगवतीला अर्घ्य देण्यासाठी तिने समुद्राकडे पाठ केली. भीमेच्या पात्रात कुठेही तोंड करून उभे राहिले तरी पाणी पाठीत वार करत नाही, त्यामुळे मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. "अगं, मागं बघ की!" असे मी ओरडेपर्यंत भिंतीएवढ्या लाटेने तिला उचलून वाळूवर आपटले होते, आणि परतणारे पाणी तिला आत फरफटत नेत होते. माझ्या हाती फक्त तिची वेणी लागली. ती मनगटाला गुंडाळून, गुडघे वाळूत रोवून, जनावराला ओढावे तसे मी तिला ओढले. "सोडा, केस तुटत्यात!" ती किंचाळली, पुढच्या लाटेने तिचे तोंड बंद केले. मी सोडले नाही. कोरड्या वाळूवर पोहोचलो तेव्हा तिच्या कपाळातून रक्त वाहत होते आणि माझ्या मुठीत मुळांसकट केसांचा झुबका होता. ती मूठ उघडायला दोन माणसे लागली. आज सकाळी ती आरशासमोर तेल लावत होती. कानामागची ती जागा अजूनही बोडकी आहे. मी नेहमीप्रमाणे मान फिरवली. "हिकडं बघा की," ती म्हणाली, "तेवढ्या केसांत बायको परत मिळाली तुमाला. लई महाग न्हाय पडली."