कुठला पच्च?

"पूर्ण बोला की."

आमच्या सोलापूरच्या तंत्रशाळेत "मास्तर, जरा स्क्रू द्या" असं कुणी म्हटलं, की कार्यशाळेच्या मास्तरांचा हात खोक्यावर थबकायचा आणि हे वाक्य यायचं. कुठला स्क्रू, केवढा, कशाला, सगळं सांगितल्याशिवाय तो हात खाली येत नसे. एकदा मी नुसतं "चहा?" असं विचारलं, तर म्हणाले, "आत्ता? हितं? का कँटीनला? पूर्ण बोला की." असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याच्यावर चिडावं की हसावं हे शेवटपर्यंत ठरत नाही.

मी तिथे गणित शिकवायचो. सत्तरचं दशक होतं आणि कॉम्प्युटर हा शब्द आम्ही फक्त वर्तमानपत्रात वाचलेला. मास्तरांनी मोडीत निघालेल्या टेलिफोन यंत्रांतले रिले जमवले. रिले म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप करणारी बटणं. त्यांतून बेरीज करणारा कॉम्प्युटर बांधायचं त्यांच्या डोक्यात बसलं.

मास्तर तेलुगू विणकरांच्या घरातले, नोकरी हंगामी. तपासणी समितीसमोर यंत्र चाललं तर नवा वर्ग सुरू होणार आणि मास्तर कायम होणार. नाही चाललं तर भावाच्या कारखान्यात परत मागावर. भाऊ रस्त्यात गाठून विचारायचा, "काय, खेळणं झालं का?"

तारा जोडण्याचं बरंचसं काम त्यांची बायको घरी करायची. ती तेलंगणातल्या खेड्यातून लग्न होऊन आलेली. मागावरचे तुटलेले धागे सांधून तिची बोटं तयार झाली होती. जोडलेल्या तारांवर ती सुताचे वेढे असे घट्ट घालायची की आतले रंगही दिसत नसत. रिलेंची शेवटची पट्टी तर तिने एकटीनेच बांधली. मास्तरांनी घरातून निघता निघता तोंडी सांगितलं, आणि तिने ती पुरी करून पाठवली.

समिती दुपारी येणार होती. सकाळी मास्तरांनी बटण दाबलं. एकदाच 'टक' झालं आणि मग काहीच नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा एकच टक.

फ्यूज पाहिला, बॅटरी पाहिली. एकेका रिलेच्या टोकांमधून कागद ओढून ती पुसली. मी आराखडा हातात धरून वाचत होतो, मास्तर तारा हलवून बघत होते. त्यांच्या हनुवटीवरून घाम यंत्रात पडेल म्हणून मीच पुढे होऊन तो पुसला. प्राचार्य दारातून डोकावले.

"चालू झालं?"

"होतंय," मास्तर म्हणाले. होत काहीच नव्हतं.

"ती शेवटची पट्टी सोडून बघू या का?" मी विचारलं.

"तिच्या हातचं हाय ते," मास्तर म्हणाले. "तितं हात लावायचा नाही." मी आराखडा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. पण खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. समिती यायला थोडाच वेळ राहिला होता आणि तपासायचं तेवढंच एक उरलं होतं.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. मास्तर आराखड्यावर बोट ठेवून तेलुगूत पुटपुटत होते, "पच्च मधल्या खुंटीवर, पच्च मधेच..."

डबा ठेवता ठेवता तिने विचारलं, "ए पच्च?"

कुठला पच्च? मास्तरांचं बोट जागच्या जागी थांबलं.

तेलुगूत हिरवाही पच्च आणि पिवळाही पच्च. पानाचा तो आकुपच्च, हळदीचा तो पसुपुपच्च. सोलापुरात वाढलेल्या मास्तरांच्या तोंडी नुसता पच्च म्हणजे हिरवा. तिच्या खेड्यात नुसता पच्च म्हणजे पिवळा. तिने मधल्या खुंटीला पिवळी तार जोडली होती.

तिचा चेहरा उतरला. "माझ्यानं घोटाळा झाला की हो."

"तुझा कसला? मीच अर्धं बोललो," मास्तर म्हणाले, तेही प्राचार्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

वेढे तिनेच ब्लेडने कापले. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. मास्तरांनी दोन्ही तारा सोडवून त्यांची अदलाबदल केली. सांध्यावरचा कथलाचा डाग अजून गरम होता आणि समितीतली माणसं दारात येऊन उभी होती.

"तू दाब," मास्तर बायकोला म्हणाले.

तीन अधिक चार. तिने बटण दाबलं आणि टकटकटक करत सगळी पट्टी बोलू लागली. चाराचा, दोनाचा आणि एकाचा, सातासाठी लागणारे तिन्ही दिवे लागले. प्राचार्यांच्या आधी मीच टाळ्या वाजवल्या. बायको पदर तोंडाला लावून रडत होती.

मास्तर कायम झाले. वर्गही पुष्कळ वर्षं चालला.

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा जवळजवळ गेली. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांना थंडी वाजत होती. उशाशी दोन चादरी होत्या, एक हिरवी, एक पिवळी.

"प... पच्च," मास्तर कसंबसं म्हणाले.

बायकोचा हात चादरींवर थबकला. "ए पच्च?"

मास्तरांचा अर्धा चेहरा हसला. मला वाटलं, कशाला त्रास देते बिचाऱ्याला, घाल ना कुठलीही. पण ती तशीच थांबून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी हात खाली येत नव्हता.

"आ... कु..." मास्तरांनी दम घेतला. "आकु... पच्च."

तिने हिरवी चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली. मास्तरांचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते.