कुलूपबंद घरातला तेसू

आधीच सांगून ठेवते, भूतखेत, भानामती असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं छप्पनला धम्मदीक्षा घेतलेलं घर. बाबांनी देव्हारा काढला, तशी भुतंही घराबाहेर काढली! तरी हे लिहायला बसलेय, कारण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय...

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरला इंदोऱ्यात आमचं छोटं घर. पुढची खोली आम्ही तेस्फायेला भाड्याने दिली होती. मुलगा इथिओपियाचा, कृषी महाविद्यालयात शिकायला आलेला. उंच इतका की दारातून वाकून यायचा, तरी टाळकं आपटायचंच. आई त्याला तेसू म्हणायची. मराठीतले त्याला तीनच शब्द यायचे – चहा, बस, अजून.

होस्टेल सोडल्यावर त्याने पोलिसांना आमचा पत्ता कळवला. आता हवालदार घरी येणार, तेसू खरंच इथे राहतो का ते बघणार. तो घरात दिसला नाही, तर मुक्काम वाढवून मिळणार नाही... म्हणजे शेवटचं वर्ष सोडून परत मायदेशी! बिचारा रोज कॉलेजातून धावत घरी यायचा. हवालदार काही येईना.

तेवढ्यात नरखेडकडे माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं. बाबा म्हणाले, "त्याले राहू दे घरी." आई उसळली. "घरचं पोरगं एकटं ठेवून लग्नाले जाता का? लोक तोंडात शेण घालतील!"

झालं! नेला त्याला. दुपारभर तो पंगतीत बुंदी वाढत होता आणि अख्खं वऱ्हाड त्याच्या मागे.

संध्याकाळी एसटीने परतलो, तर शेजारच्या काकू दारातच म्हणाल्या, "दुपारी तुमच्या घराकडे पोलिस गेला होता वं..." आईने कपाळावर हात मारला. तेसू पायरीवर बसून ढसाढसा रडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

सकाळी हातापाया पडायला सगळेच पोलिसांच्या ऑफिसात गेलो. हवालदार तेसूकडे बघून हसला.

"काहून गा, काल पोटभर पोहे खाऊ घातले, अन् आज वळख नाही?"

बाबांनी घाबरत विचारलं, "कोणी खाऊ घातले?"

"ह्यानंच! म्हणे, बसा, आई-बाबा लग्नाले गेले, मी घर पाहून राहिलो. मराठी तं काय झकास बोलते हो तुमचा पोरगा!"

बाबांना खोटं सहन व्हायचं नाही. "पण साहेब, हा तर काल..." एवढं म्हणेपर्यंत आईने त्यांच्या पायावर असा पाय दिला, की पुढचं सगळं त्यांनी गिळलं. शिक्का बसला. तेसूला वर्ष मिळालं!

निघताना हवालदार म्हणाला, "माही तंबाखूची डबी तुमच्या पुढच्या खोलीत राहिली, खिडकीत. तेवढी आणून द्या."

घराला दार एकच, आणि किल्ली लग्नभर आईच्या कमरेला. धावत घरी आलो, पडदा सरकवला... डबी होती. स्वयंपाकघरात पोह्यांचा डबाही निम्मा झालेला! अंगावर सर्रकन काटा आला. आणि मग आईला हसू फुटलं, तशी आम्ही सगळीच पोट धरून हसलो.

बाबा पुढे कित्येक दिवस डोकं खाजवत होते. दुसरा कोणी मुलगा म्हणावं, तर तेवढ्या उंचीचा इथिओपियन अख्ख्या नागपुरात नव्हता. तेसू इंग्रजीत एवढंच म्हणाला, "मी बुंदी वाढत होतो, पण जीव सगळा इथे दारात अडकला होता." आता याला काय स्पष्टीकरण म्हणायचं? मला तरी आजवर दुसरं सापडलेलं नाही.

वर्षाने तेसू डिग्री घेऊन गेला. स्टेशनवर आई फार रडली. पण त्यानंतरही आम्ही सगळे कुठे बाहेर निघालो, की कुलूप लावण्याआधी ती रिकाम्या घरात डोकावून म्हणायचीच,

"येतो गा आम्ही. घर पाहजो... अन् तूही खाऊन घेजो."