कापलेली सोळा पानं

माझा स्वभाव संशयी आहे असं बायको म्हणते. मी त्याला चौकसपणा म्हणतो.

सावली गावातल्या आमच्या बुद्धविहारात रविवारची वंदना झाली की आम्ही पाच-सहा जण ओसरीवर मागे थांबतो. सध्या काय वाचतोय ते प्रत्येकाने सांगायचं आणि आवडलेलं पुस्तक पुढच्याला द्यायचं. नियम एकच. पुस्तक सतरंजीवर ठेवायचं आणि तोंडी सांगायचं, उघडायचं नाही.

आमच्यातला एक म्हातारा सगळ्यांवर कडी करायचा. त्याची हयात वडशाच्या झाडीपट्टी नाटक कंपन्यांत प्रॉम्प्टर म्हणून गेली, पडद्याआडून नटांना वाक्यं पुरवण्यात. तो सांगू लागला की पुढच्या आठवड्यात सगळ्यांना तेच पुस्तक हवं असायचं. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि माझी पुस्तकं सतरंजीवर तशीच पडून राहायची. मला ते झोंबायचं, खोटं कशाला बोलू?

शिवाय काहीतरी गडबड होतीच. त्याच्याकडून परत आलेल्या पुस्तकांवर हळदीची बोटं असायची. कितव्या पानावर आहात विचारलं तर म्हणायचा, "भात शिजेपर्यंत जेवढं झालं तेवढं जी." चष्मा तर कधी दिसलाच नाही. हा वाचत नाही, कुठूनतरी ऐकून ठोकून देतो, अशी माझी खात्री झाली.

मग मी एका कादंबरीची शेवटची सोळा पानं ब्लेडने कापली आणि पुस्तक त्याला दिलं. वाचणारा असेल तर तक्रार करेल, असा माझा हिशेब.

पुढच्या रविवारी त्याने शेवटासकट गोष्ट सांगितली. पुस्तकात नवरा परत येतो आणि संसार सावरतो. याच्या शेवटात नवरा येतो, आणि बाई दार उघडत नाही. सगळ्यांना तो शेवट लागला. मी खिशातून पानं काढून त्याच्यापुढे ठेवली.

"भाऊ, ही कधी वाचली तुम्ही?"

त्याने पानांच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मले अक्षर दिसत नाई जी, तीन वर्षं झाली. सून सैपाक करता करता वाचते, मी आयकतो. एकदा आयकलं का ध्यानात राह्यते. शेवट नोयता म्हणून तिनंच लावला." मग तो म्हणाला, "हे पयले सांगतलं असतं, तर मले इथी बसू देल्लं असतं का?"

त्याने चपला चाचपल्या.

"पानं नातीनं फाडली समजून तिनं पोरीले मारलं जी. कधी हात नाई लावत ते पोरीले."

तो गेला. मला स्वतःची किळस आली. दुपारी पानं घेऊन मी त्याच्या घरी गेलो. सून दारात आली. तिने पानं हातात घेतली, सरळ कापलेली कड पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. माफी मागायला मी तोंड उघडलं, पण तिने आतून पोरीला हाक मारली. सात-आठ वर्षांची असेल.

"हे यायनं कापली," ती पोरीला म्हणाली. "विचार यायले, काऊन कापली ते."

पोरीने विचारलं.

"तुझ्या आजोबाला खोटं पाडायचं होतं," मी म्हणालो.