पाचवी खाली आली

टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबायची आणि समोरच्याला सांगायचं, "बोला आता. मी इथे नाहीच असं समजा." समजणार कसं, तुम्हीच सांगा. बाई पुढ्यात मांडी ठोकून बसलेल्या आणि नजर अशी, की माणसाने न विचारता तिसरीत नापास झाल्याचं कबूल करावं.

शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी झटणाऱ्या या बाई कोथरूड-वारज्यातल्या म्हाताऱ्यांना गाठून विचारायच्या, "तुमची शाळा का सुटली?" कुणाला गुरांमागे धाडलेलं, कुणाला दाराबाहेर बसवलेलं, कुणाला फळाच दिसत नव्हता. मग त्या कॅसेटी आम्हा शिक्षकांना ऐकवायच्या, तेही ऐन मधल्या सुट्टीत. चहा निवून जायचा. मी मुख्याध्यापक, मनात म्हणायचो, बाईंना दुसरा उद्योग नाही.

एका जूनमध्ये त्या नसीमला घेऊन आल्या. मुलगी हुशार, पण कुबड्यांवर चालणारी. मी म्हणालो, "अहो बाई, आमची ना नाही. पण पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर."

"मग वर्ग खाली आणा."

"खाली जागा कुठाय?"

बाई माझं ऑफिस न्याहाळत बसल्या. पंखा, दोन खिडक्या, फळा लावण्याजोगी भिंत. नसीमही न्याहाळू लागली. "इथं उजेड छान आहे," ती म्हणाली. झालं. आठवड्याभरात माझं टेबल वर आणि पाचवी खाली.

चडफडलो, खोटं कशाला बोलू? पण नसीम इतकी बडबडायची, की तिचा आवाज वर माझ्यापर्यंत यायचा. पुढे पुढे तो आला नाही तर मला चुकल्यासारखं वाटे.

बाई दर शनिवारी तिला बघायला यायच्या आणि वर येऊन माझं डोकं खायच्या. गणपतींनंतर त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. एका शनिवारी शिपाई सांगत आला, "बाई आल्यात. जिना चढवत नाही म्हणतात, तुम्हीच या खाली."

मी वेळापत्रक आखत होतो. म्हणालो, "बसू दे त्यांना. येतो."

तासाभराने उतरलो, तर बाई गेलेल्या. नसीम म्हणाली, "माझ्याशेजारी बाकावर बसल्या होत्या, सर. म्हणत होत्या, येतील तुमचे सर."

दिवाळीच्या सुट्टीत बाई वारल्या. अठराच पायऱ्या होत्या हो, आणि माझे पाय चांगले धडधाकट होते.