आठ आणे दुखणं

माझ्या वर्गात एकक न लिहिता उत्तर दिलं की अर्धा मार्क गेलाच. बारा काय? बारा आंबे का बारा म्हशी? पंचवीस वर्षं मी शाळेत हे ओरडत आले. आणि शेवटी मीच कुठं आपटले, ते सांगते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शाळेच्या पायरीवरून घसरून माझं उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, दुखणं मात्र हलेना. आग आग व्हायची. पंख्याचा वारा लागला तरी जीव जायचा, मग खडू कसा धरायचा? घरातले म्हणायचे, "हाड जुळलंय की, मग दुखतंय काय?" मलाही तेच कळत नव्हतं आणि त्याचाच जास्त संताप यायचा.

काही वर्षांनी दुखण्यावरच इलाज करणारा एक तरुण डॉक्टर भेटला. तो म्हणाला, "बाई, हाड जुळलं, पण नसा अजून भडकलेल्याच आहेत. केटामिन म्हणून भुलीचं औषध असतं. ते अगदी थोडं, सलाईनमधून हळूहळू देऊन बघू. गुण आला तर काही आठवडे टिकेल, मग पुन्हा द्यावं लागेल."

"आणि असं किती वेळा?"

"तेच नक्की कुणाला माहीत नाही. वारंवार घेतलं तर लघवीला त्रास होऊ शकतो, लिव्हरवर ताण येतो, विसरायला होतं. सवयही लागू शकते."

माहीत नाही म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला. तिथंच मला तो आवडला.

नवऱ्यानं मात्र आमच्या म्हशींच्या डॉक्टरला विचारलं आणि घरी येऊन गरजला, "अगं, घोड्याला देत्यात ते! तू काय घोडी हाईस व्हय?"

"न्हाय तर काय! शाळा आणि तुमचं घर कोण ओढतंय मग?"

पहिल्या दिवशी डॉक्टरनं विचारलं, "दुखणं दहापैकी किती?" मी म्हटलं, "सोळा आणे!" तो हसला आणि त्यानं दहा लिहिले. मग सलाईन सुरू झालं. छत वर वर जायला लागलं. पोटावर एक हात दिसला, तेव्हा मला प्रश्न पडला, हा कुणाचा बरं? खोटं कशाला बोलू, गंमत वाटली. उठले तेव्हा केरळच्या सिस्टरनं मोडक्या मराठीत विचारलं, "किती?" आग निम्म्यावर आली होती. मी म्हटलं, "आठ आणे." तिनं लिहून घेतलं.

चार आठवड्यांनी आग परतली, मी पुन्हा गेले. डॉक्टर म्हणाला, "दहावरून आठ. गुण थोडाच आहे, डोस वाढवूया." पुढं अंतरही कमी केलं. मीही हूं म्हटलं. खडू धरता येत होता ना!

असं वर्षभर चाललं. दर खेपेला सिस्टर "किती?" विचारायची, मी आण्यात सांगायचे, ती लिहून घ्यायची. लघवीला जळजळ व्हायची, पण पाणी कमी पडत असेल म्हणून मी ती अंगावर काढली. मग एक दिवस चौथीच्या वर्गात सतराचा पाढा म्हणत होते. सतरा पाचे पंच्याऐंशी म्हटलं आणि पुढं काहीच नाही. पोरांना वाटलं, बाई परीक्षा घेतायत. त्यांनी एका सुरात पुढचा म्हटला. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. हातात खडू घट्ट होता, पण लिहायचं काय, ते गेलं होतं. मी घाबरले. पाढे गेले तर माझ्याजवळ उरतं काय?

त्याच आठवड्यात डॉक्टरला सगळं सांगितलं, जळजळही सांगितली. तो गंभीर झाला. म्हणाला, "फायदा आणि त्रास नीट ताडून बघू." त्यानं माझा कागद समोर ठेवला. दहा, आठ, सात, सहा, पुन्हा आठ.

"अहो, हे आठ कसले?"

"दहापैकी आठ."

"आठ आणे हो ते! सोळा आण्यातले आठ! म्हणजे निम्मं!"

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. सिस्टरला आठ कळले होते, आणे कळले नव्हते. गुण पहिल्यापासून चांगला होता, डोस वाढवायची गरजच नव्हती. मी रागानं सिस्टरला हाक मारणार, तोच ध्यानात आलं. दहापैकी किती, असं विचारल्यावर आण्यात उत्तर देणारी मीच की! माझ्याच वर्गात असते तर अर्धा मार्क गेला असता.

औषध आम्ही थांबवलं. तपासण्या झाल्या, जळजळ ओसरली. "पाढे येतील परत?" मी विचारलं. "बहुतेक," तो म्हणाला. सतराचा यायला तीन महिने लागले. आता पुढं काय, ते त्यानं माझ्यावर सोडलं. पुन्हा घेतलं तर पूर्वीचाच छोटा डोस, तोही लांब लांब. नाहीतर नुसता हाताचा व्यायाम आणि सोसणं.

मी व्यायाम निवडला. पुढच्या खेपेला सिस्टरच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि कागदावर स्वतःच लिहिलं, दुखणं : बारा आणे. हात जळत होता, अक्षर वाकडं आलं, पण काय लिहितेय ते मला माहीत होतं.