गेनबाचे आठ ग्रॅम

गेनबाला कुणी काही विचारलं आणि तो "माहीत न्हाई" म्हणाला, असं मी एकदाही पाहिलं नाही. भोसरीहून बांधाबांधानं चालत तो पिंपरीच्या माळावर, आमच्या औषधांच्या कारखान्यात कामाला यायचा. कारखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्यानं वाटेतल्या एखाद्या बैलाचं दुखणं, कुणाच्या नव्या विहिरीची जागा आणि कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा महिना एवढं ठरवून टाकलेलं असायचं. विचारणारा खूश, सांगणारा त्याहून खूश.

ही गोष्ट छप्पन-सत्तावन सालची. औषध बाहेर जाण्याआधी ते सशांवर आणि गिनीपिगांवर तपासून बघत, म्हणून कारखान्यात एक जनावरघर होतं. तिथं मी कारकून. रोज सकाळी जनावरांची वजनं घ्यायची आणि वहीत लिहायची, हे माझं काम. पिंजरे धुणं, पाणी भरणं, लसूणघास कापून आणणं हे गेनबाचं. त्याआधी वीस वर्षं तो खडकीच्या लष्करी तबेल्यात मोतद्दार होता. "सायबाचं घोडं शिंकलं तरी आदी मला हाक यायची," असं तो सांगे. त्यातलं निम्मं मी थाप म्हणून सोडून देत असे. उरलेलं निम्मं खरं निघायचं, याचाच मला जास्त राग यायचा.

पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला होता, "भाऊसाहेब, तुमी आकडं लिवा. जनावर मी बगतो." मी आठ दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोललो. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत अर्जुनराव नावाचे मदतनीस होते, नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचे. नवं लग्न, कॉलनीत दोन खोल्या, आणि नोकरी पाळीची. त्यांची बायको सुभद्राबाई माणसांनी भरलेल्या घरातून इथं आलेली. नवरा कामावर गेला की तिला दुपारी घर खायला उठायचं. तिचं मन रमावं म्हणून अर्जुनरावांनी जनावरघराच्या डॉक्टरसाहेबांना विचारून एक गिनीपिग घरी नेला. वयानं थोराड झाल्यामुळं तो तपासणीच्या कामाचा राहिला नव्हता. तांबूस-पांढरा, बिनशेपटीचा, खुशीत आला की गुरगुरणारा. सुभद्राबाईंनी त्याचं नाव गोटू ठेवलं आणि कॉलनीतल्या बायकांना आपलं माणूस असल्यासारखी त्याची ओळख करून दिली.

गवत मात्र त्या त्याला घालत नसत. "एवढुशा तोंडाला ते चरचरीत गवत कसं द्यायचं?" असं त्यांचं म्हणणं. दुधात कुस्करलेली भाकरी, वाफवलेली भाजी, सालं काढलेली काकडी, असा गोटूचा थाट होता. आमच्या जनावरघरातल्या कुठल्याच प्राण्याचे असले लाड होत नव्हते.

काही महिने बरे गेले. मग गोटू रोडावू लागला. हातात घेतला की कणा बोटांना लागायचा. अर्जुनराव दर शनिवारी त्याला खोक्यात घालून आमच्या काट्यावर आणू लागले. आठशे चाळीस ग्रॅम, मग सातशे साठ, मग सहाशे नव्वद. आमचे डॉक्टर उद्धवराव पुस्तकी, काटेकोर आणि मनानं चांगले. त्यांनी लेंड्या तपासल्या, रक्त तपासलं, ओठ वर करून दात बघितले. काहीच सापडेना.

गेनबानं विचारायची वाट पाहिली नाही. गोटूला उचललं, चाकणच्या बाजारात बैल घेताना करतात तसा अंगठ्यानं त्याचा ओठ सरकवला, पुढचे दात बघितले आणि निकाल दिला. "दात झकास. अशक्तपणा हाय नुसता. आंबोण घाला."

आंबोण म्हणजे गाई-म्हशींना देतात ते भिजवलेलं कोंडा-पेंडीचं कालवण. अशक्त जनावराला, व्यायलेल्या गाईला मऊ, भिजलेलं घालायचं, ही आमच्या खेड्यापाड्यांतली रीत. गेनबानं ते स्वतः कालवून दाखवलं, त्यात गुळाचा खडा घातला आणि सुभद्राबाईंसाठी डबा भरून दिला.

पुढच्या शनिवारी काटा सातशेवर गेला. दहा ग्रॅम वाढले! गेनबानं ते दहा ग्रॅम फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून भोसरीच्या पारापर्यंत सगळ्यांना ऐकवले. डॉक्टरांसमोर तो तीन दिवस छाती काढून चालत होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

मग सहाशे चाळीस. मग पाचशे ऐंशी. मग पाचशे वीस.

पाचशे वीस मी लिहिलं तेव्हा डॉक्टरांनी वही ओढून मागचे सगळे आकडे वाचले. मग अर्जुनरावांना म्हणाले, "तुम्ही घरी त्याला हात लावता आणि इथं येऊन आपल्या जनावरांना हात लावता. दुखण्याचं कारण सापडत नाही. साथीचा रोग असला तर इथली दोनशे जनावरं जातील. पुढच्या शनिवारी वजन आणखी उतरलं, तर मला तो बाद करावा लागेल."

बाद करणं म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एक सुई, आणि जनावर घरी परत जात नसे. सुभद्राबाई त्या दिवशी स्वतः आल्या होत्या. त्यांनी खोक्याचं झाकण लावलं, ते उराशी धरलं आणि निघाल्या. मला फार वाईट वाटलं, आणि गेनबाच्या त्या आंबोणाचा संतापही आला.

मंगळवारी दुपारी पाळी सुटल्यावर गेनबा मला म्हणाला, "चला, त्या वैनींच्या घरी. काट्यावर जनावर कळत न्हाई. ते खाताना बगाया पायजे." जीभ आवरून मी गेलो.

तो दारातच उकिडवा बसला. सुभद्राबाईंनी वाटी ठेवली तसा गोटू धावत आला. तोंड घातलं, जबडा हलवला, आणि घास तसाच बाहेर आला. पुन्हा तोंड घातलं, पुन्हा तेच. हनुवटी लाळेनं ओली झाली होती. गेनबानं अंगणातली हरळीची काडी तोडून पुढं केली. गोटूनं पुढच्या दातांनी ती कचकन तोडली, थोडा वेळ तोंडात घोळवली आणि गवताचा एक ओला बोळा जमिनीवर टाकला.

गेनबानं तो बोळा उचलून तळहातावर घेतला. बोटानं त्याचे धागे उकलून बघितले.

"घोडं आसंच बोळं टाकतं," तो म्हणाला. "दाढा वाढल्या, की त्येला भूक आसती, पर चावता येत न्हाई, गिळता येत न्हाई. मग आमी तोंडात हात घालून दाढा चाचपायचो, आन कानशीनं घासायचो. वीस वर्सं तेच केलं. आन इथं म्या बैल घेतल्यावानी पुडचं दात बगून गप ऱ्हायलो."

"म्हणजे रोग नाही?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"रोग न्हाई, वैनी. ह्याच्या दाढा जन्मभर वाढत्यात. चरबट गवत खाऊन त्या झिजाया पायजेत. तुमी मऊ घातलंत, ते मायेनं. म्या त्याहून मऊ घालाया लावलं, ते शाणपणानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेट डॉक्टरांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला. "दाढा बगा साहेब. पार मागच्या."

"दात मी बघितले आहेत, गेनबा."

"म्या बी बघितलं व्हतं. आपुन दोगं बी चुकलो."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. पण माणूस खरा होता. त्यांनी दवाखान्यातून कानात बघायचं दिव्याचं यंत्र मागवलं. गेनबानं गोटूला पंच्यात गुंडाळून धरला. त्याच्या दांडग्या हातांत ते जनावर अगदी निवांत राहिलं. डॉक्टरांनी आत बघितलं, पुन्हा बघितलं, आणि यंत्र माझ्या हातात दिलं. खालच्या दाढा दोन्हीकडून आत वाकल्या होत्या आणि जिभेवर त्यांची कमान झाली होती. जीभ खाली दबलेली. बिचारं जनावर पुढ्यात अन्न असून उपाशी मरत होतं.

डॉक्टरांनी बारीक चिमट्यानं टोकं कापली आणि कानशीनं घासली. पाऊण तास लागला. गेनबा तेवढा वेळ गोटूच्या कानाशी घोड्याशी बोलावं तसं काहीबाही पुटपुटत होता.

गुरुवार-शुक्रवार तोंड हुळहुळं होतं. सुभद्राबाई दर दोन तासांनी पाल्याचा रस आणि पिठाची पेज ड्रॉपरनं पाजत राहिल्या. शुक्रवारी संध्याकाळी गोटूनं लसूणघासाचं एक पान चावून गिळलं, असं अर्जुनराव धावत येऊन सांगून गेले.

शनिवारी आम्ही सगळे काट्याभोवती उभे होतो. मी वजनं काढली, घातली, पुन्हा मोजली. पाचशे बारा.

आठ ग्रॅम उतरले होते. दाढांखेरीज दुसरा काही रोग नाही, याची खात्री अजून कुणालाच नव्हती. डॉक्टरांनी शब्द दिला होता आणि तो पाळणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. सुभद्राबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं.

गेनबा पुढं आला. "साहेब, ह्ये आठ ग्राम त्याचं न्हाईत, माजं हायत. आंबोण म्या चारलं. माजं चुकलं. माज्या चुकीपायी त्येला सुई नगा टोचू. मंगळवारपातूर द्या. तवर अर्जुनराव जनावरघरात पाऊल ठेवणार न्हाईत, त्यांचं समदं काम म्या करीन."

त्याचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. बढाई मारताना लागायचा तोच आवाज. मला त्या क्षणी गेनबाचा अभिमान वाटला, आणि इतके दिवस मी त्याचा राग राग केला याची लाज वाटली.

डॉक्टर म्हणाले, "मंगळवार."

ते तीन दिवस गेनबानं भोसरीच्या बांधावरचं जून, चरबट गवत रोज सकाळी सुभद्राबाईंच्या दारात आणून टाकलं. मंगळवारी गोटूला पारड्यात ठेवला तेव्हा तो तोंडातली काडी चावतच होता. पाचशे चौतीस. मी आकडा मोठ्यानं वाचला. डॉक्टरांनी वहीत स्वतः लिहिलं, "रोग नाही. घरी न्यावा."

सुभद्राबाईंनी खोकं अर्जुनरावांकडं दिलं आणि गेनबाच्या पायांशी वाकल्या. तो दोन पावलं मागं सरला.

"नगं नगं, वैनी. चुकलेल्या माणसाच्या पाया पडत्यात व्हय कुणी?"

"चुकतात सगळेच, मामा," त्या म्हणाल्या. "पण चार माणसांत स्वतःहून चूक कबूल केलेला बाप्या मी आजवर पाहिला नव्हता." आणि त्यांनी नमस्कार केलाच.

गेनबानं माझ्याकडं बघितलं, आणि सशांना अजून पाणी दिलं नाही म्हणत बादली उचलून आत गेला.